बाटली कमी, सातबारा जास्त

अहो वहिनी, वाल सोलताय ना, सोला. हात चालू द्या, कान फक्त इकडे द्या. या अशा पारिजातकाच्या बाजूला, इथे भिंत जरा बुटकी आहे. सासूबाई ओसरीवर आहेत का? मग हळूच बोलते. विचारलंच त्यांनी तर म्हणा, फ्रान्समधल्या मठांबद्दल सांगत होते. अगदीच खोटं नाही हो, निम्मी गोष्ट साधूंचीच आहे.

भाचीचं सासर मर्सोला आहे हे तुम्हाला माहीत आहे. बोन शहराच्या थोडं खाली. बर्गंडी, बर्गंडी म्हणून जो गाजावाजा ऐकतो ना, त्यातला सगळा मलिदा एका लांबट पट्टीत आहे. दिजाँपासून खाली जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि रुंदी काही ठिकाणी एवढी कमी की या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारावी. उतरणीवरची चुनखडीची जमीन. उताराच्या मधल्या भागातली द्राक्षं सगळ्यात महाग, वर जंगलाला लागून असलेली जरा कमी, आणि खाली सपाटीला रस्त्याजवळ आलात की साधी. पाच पावलांत भाव उतरतो. तांबड्या वाइनला पिनो न्वार, पांढरीला शार्दोने, बाकी फारसं काही लावायचं नाही. १३९५ साली तिथल्या ड्यूकनं फर्मानच काढलं होतं की गामे नावाची वेल उपटून टाका, भरमसाट पिकते आणि चव बिघडवते. सहाशे वर्षं झाली, त्या पट्टीत अजून गामेचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात.

तर ताईच्या व्याह्यांनी एक जेवण ठेवलं होतं. आम्ही सातजण. त्यांच्या गावात नोव्हेंबरात ला पोले म्हणून मोठं जेवण असतं. पूर्वी तोडणी संपली की मालक मजुरांना जेवू घालायचा, ती चाल मागे पडली होती, ती १९२३ साली झ्यूल लाफों नावाच्या तिथल्या बागमालकानं पुन्हा सुरू केली. नियम एकच, ज्यानं त्यानं आपल्या तळघरातली बाटली आणायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेल्यात ओतत फिरायचं. आपली अंगतपंगतच, फक्त डब्याऐवजी बाटली. शेकडो माणसं जेवतात म्हणे. व्याह्यांचं जेवण म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती, आणि अट अशी की बाटली जुनी हवी, लहान पोराच्या वयाची चालणार नाही.

काय? हो, मी घेतली. घेतली म्हणजे काय, घोट घोट. ताईला सांगून घेतली, लपून नाही. आता पुढचं ऐका ना.

बाटल्या दोन दिवस आधीच आणून दिल्या होत्या सगळ्यांनी. जुन्या तांबड्या वाइनला तळाशी गाळ बसतो. रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. म्हणून तर जुनी वाइन मऊ लागते. ऐन वेळी कोणी बाटली हलवत आणली तर सगळं ढवळून निघणार. त्यामुळे व्याह्यांनी त्या तळघरात उभ्या करून ठेवलेल्या. तळघर पाहिलंत तर तुम्ही किंचाळाल वहिनी. भिंतींवर काळी बुरशी लोंबतेय, जमीन मातीची, ओल अशी की साडीचा काठ वर धरावा लागला. आणि ते गृहस्थ मोठ्या अभिमानानं दाखवतात! बारा-तेरा अंश, उन्हाळा असो की बर्फ. ओल हवीच म्हणे, नाहीतर बूच सुकतं, हवा आत जाते. मला आपली उगाच फिनेलची आठवण येत होती.

जेवायला कोण कोण होतं सांगते. व्याही, विहीणबाई, भाची, जावई, मी. ताई वरच झोपली होती, पाठ धरली होती तिची. मग शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई, व्होलनेला यांची बाग. मोजा बघू, किती झाले? सहा. आणि सातवे, निवृत्त नोटरी. तिथला नोटरी म्हणजे शिक्के मारणारा नव्हे हो. जमिनीची खरेदी-विक्री, वारसाहक्क, लग्नाचे करार, सगळं त्याच्या हातून जातं. चाळीस वर्षं त्या गावांतली दप्तरं सांभाळलेला माणूस. त्यांना बोलावल्यावर वाइन कशाला हवी, सांगा तुम्ही! नाव एकाचंही घेत नाहीत, पण 'त्या चर्चमागच्या घरातले दोघे' म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना कळतं.

बाटल्यांना मोजे घातले होते. खरंच, पायातले लोकरीचे मोजे, धुतलेले. लेबल दिसू नये म्हणून. आधी चाखा, अंदाज बांधा, मग मोजा काढायचा. नाव वाचून जीभ खोटं बोलते असं व्याह्यांचं म्हणणं.

पहिली पांढरी, जावयानं आणलेली. चीज घातलेल्या पिठाचे पोकळ गोळे करतात भट्टीत भाजून, गुझेर म्हणतात, ते गरम गरम आणि ही गार वाइन. पेल्यात पडली आणि टेबल गप्प. रंग बघाल तर दूध न घातलेल्या चहाचा. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, खवट अक्रोडाचा. मोजा काढला, मर्सोचीच, १९९६ ची. चांगलं साल! कोणाच्या घरची ते नाही सांगणार, भिंतीला कान असतात. पण तिथे याला काही नवल वाटत नाही. १९९५-९६ नंतरच्या पांढऱ्या वाइनमध्ये हा रोगच निघाला, वीस-तीस वर्षं टिकायला हवी ती सात-आठ वर्षांतच म्हातारी होऊन बसायची. एकाच खोक्यातली एक ठणठणीत, दुसरी गेलेली. कोणी म्हणतं बूच वाईट आली, कोणी म्हणतं गंधक कमी घालायला लागले, कोणी म्हणतं नव्या तऱ्हेच्या दाबयंत्रांनी रस फार हळुवार काढला जातो म्हणून. तीन कारणं, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याच्या कारणाकडे बोट. जावयाचं तोंड एवढंसं झालं. विहीणबाईंनी शांतपणे ती बाटली उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. कोंबडीच्या रश्श्यात गेली असणार, कारण रस्सा फर्मास झाला होता.

आता दुसरी, व्याह्यांचीच. नुई-सें-जॉर्ज, १९८५. मोठ्या हौसेनं राखलेली. बूच काढायला साधा स्क्रू नाही वापरत, जुनं बूच चुरा होतं. दोन पातळ पात्यांचा चिमटा असतो, तो काचेच्या आणि बुचाच्या मधून सरकवायचा आणि गोल फिरवत ओढायचं. काढलं, अख्खं आलं, सगळ्यांनी वाहवा केली. आणि पेला नाकाशी नेला तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातच एक द्रव्य तयार होतं, टीसीए म्हणतात, इवलंसं असलं तरी अख्खी बाटली नासते. पिऊन अपाय नाही, पण वाइनमधलं सगळं फळ, सगळा सुगंध ते गिळून टाकतं. चाळीस वर्षं ओलसर अंधारात जपायची आणि शेवटी ही गत. व्याही मात्र एवढंच म्हणाले, पुढची आणा. मला फार आवडलं ते. आपल्याकडे असतं तर तासभर कोणाच्या नजरेमुळे झालं याचा खल चालला असता.

थांबा, आता खरी गंमत सुरू होते. तिसरा मोजा त्या म्हाताऱ्या बाईंचा. तांबडी, पण काचेच्या कडेला विटेचा रंग आलेला. जावई नाक घालून बसला दहा मिनिटं. वास काय सांगू, पहिल्या पावसानंतर रानातली माती, अळंब्या, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आणि मागून हलकंसं चामडं. तोंडात मात्र अजून ताठ, जिवंत. नोटरी म्हणाले व्होलने. जावई म्हणाला १९९०, कारण ते ऊन भरपूर मिळालेलं भरघोस साल. बाई हसल्या नुसत्या. निघाली १९९३. त्या सालाला तेव्हा पुष्कळांनी नावं ठेवली होती, कडक आहे, तुरट आहे, कधी उघडणारच नाही म्हणून. आणि आता जे कोणी पितात ते तीच बाटली शोधत फिरतात.

पण वहिनी, पुढे काय झालं, कोणी सालाबद्दल बोलेचना! व्याही म्हणाले, ही वरच्या बांधाकडची की खालची? बाई म्हणाल्या, दोन्ही. तेव्हा दोन्ही एकच होतं. आणि मग कळलं. यांचे यजमान होते तेव्हा तो तुकडा एक होता. ते गेले, दोन मुलगे, दोघांत वाटण्या. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यापासून तिथे मुलांना सारखा हिस्सा. थोरल्याला सगळं असं चालत नाही. वरचा अर्धा एकाला, खालचा दुसऱ्याला. दोघे बोलत नाहीत. एकानं आपला भाग व्यापाऱ्याला कराराने दिला, दुसरा स्वतः करतो. म्हणजे त्या जमिनीची अख्खी वाइन पुन्हा होणं नाही, आम्ही पीत होतो ती वाटणीच्या आधीची. बाईंनी हे सांगताना पाव मोडून रश्श्यात बुडवला आणि मिठाची वाटी मागितली. डोळ्यात पाणीबिणी काही नाही. उलट धाकटी सून कशी चाबरी आहे ते खुलवून सांगायला लागल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही माणसं वाइन पीत नाहीत, सातबारा पितात. तिथे प्रत्येक तुकड्याला नाव आहे, कुठे दगडी भिंत आहे, कुठे क्रूस. २०१५ साली युनेस्कोनं त्या तुकड्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सीतोचा मठ १०९८ चा. त्या साधूंनी क्लो द वूजोची पन्नास हेक्टरांची बाग एका भिंतीत बांधली, शतकानुशतकं एकहाती कसली. राज्यक्रांती झाली, चर्चची मालमत्ता सरकारजमा, लिलाव, आणि मग वारस, वारसांचे वारस. आज त्या एकाच भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाकडे नुसत्या चार-पाच ओळी. लेबलावर सगळ्यांच्या एकच नाव, आणि आत काय असेल ते ओतल्यावर कळणार. वरच्या अंगाची जमीन चांगली, खालची ओलसर. तर नाव वाचून विकत घेणारा फसलाच म्हणून समजा.

भाऊंची द्राक्षबाग आहे ना, त्यांना सांगा, तिथे मांडव नसतो. वेली कमरेएवढ्याच, तारेवर, आणि इतक्या दाट की हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी चार हजार. वेलीला मुद्दामच दाटीत ठेवतात, घड कमी येऊ देतात. छाटणी एकदाच, थंडीत, वेल झोपलेली असताना. आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या मी सांगितल्या तर व्याह्यांना पटेचना. वेलीला झोपच देत नाही तुम्ही, म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे माणसांनाही नाही. भाऊंची गारपीट तशी त्यांना एप्रिलचं हिव. २०२१ साली कोंब फुटल्यावर कडाक्याची थंडी पडली, तेव्हा रात्रभर शेतांत मेणाच्या शेकोट्या पेटवून बसले होते सगळे, तरी पांढरीचं पीक गेलंच.

आणि भाव! रोमाने-कोंती नावाचा जो तुकडा आहे ना, तो सगळा मिळून साडेचार एकर. भाऊंच्या बागेपेक्षा लहान! वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात, जगभर रांग लागते. त्याच तुकड्याची १९४५ सालची एक बाटली २०१८ साली न्यूयॉर्कला लिलावात गेली, ५,५८,००० डॉलरला. त्या साली सहाशेच बाटल्या झाल्या होत्या, मग जुन्या वेली उपटल्या आणि १९५२ पर्यंत तिथून काहीच निघालं नाही. आता तुम्ही रुपयांत हिशेब करत बसू नका, वाल सांडतील.

एवढा पैसा आला की मागून काय येतं ते आपल्याला ठाऊक आहेच. २०१० च्या सुरुवातीला त्या बागेच्या मालकांना, ओबेर द विलेन त्यांचं नाव, पत्र आलं. सोबत बागेचा नकाशा, वेल न् वेल दाखवलेली. दहा लाख युरो द्या, नाहीतर वेलींना विष घालीन. आणि एक-दोन वेलींना खरंच भोक पाडून घातलं होतं! पोलिसांनी खोट्या नोटांची पिशवी भरून शांबोल-म्युझिनीच्या दफनभूमीत ठेवायला लावली आणि घ्यायला आलेल्याला तिथेच धरलं. नोटरी हे सांगताना खुर्चीवरून अर्धे उठले होते.

त्याच बागेचा दुसरा किस्सा, लालू बीझ-लरुआ बाईंचा. दोन घराण्यांची निम्मी-निम्मी भागीदारी, बाई कारभारात. १९९२ साली भागीदारांशी बिनसलं आणि बाईंना कारभारातून काढलं. काढलं खरं, पण बाई कच्च्या गुरूची चेली नव्हे. १९८८ सालीच त्यांनी पलीकडे वोन-रोमानेत एक जुनी बाग घेऊन ठेवली होती. तिथून जी वाइन काढली, तिचे भाव आज काढून टाकणाऱ्यांच्या तोडीस तोड. टेबलावरच्या दोन्ही बायका, म्हणजे विहीणबाई आणि व्होलनेच्या बाई, बाईंच्या बाजूच्या. पुरुष सगळे गुळमुळीत.

बरं, वारसा कर कसा मोडतो लोकांना तेही ऐका. मुलाबाळांनाही वरच्या टप्प्यावर पंचेचाळीस टक्के. जमिनीचा भाव आभाळाला भिडलेला, उत्पन्न त्या मानानं काहीच नाही, मग कर भरायला जमीनच विका. घेणार कोण? पर्सवाले! मोरे-सें-दनी गावात दोन नामांकित बागा एकमेकींना लागून आहेत. २०१४ साली एक घेतली लुई व्हितोंवाल्या आर्नोंच्या कंपनीनं, क्लो दे लांब्रे. २०१७ साली शेजारची क्लो द तार घेतली गुच्चीवाल्या पिनोंच्या कंपनीनं. पॅरिसच्या बाजारात जन्माचे हाडवैरी, आणि इथे भिंतीला भिंत! आता ते काही आपल्यासारखे भिंतीवरून कढीपत्ता मागणार नाहीत, पण मला वाटलं, एकदा तरी बघायला मिळावं.

चौथी बाटली ना? सांगते की. नोटरींची, वोन-रोमाने, १९७८. मोजा काढला तर लेबल अर्धं कुजलेलं, बुरशीनं खाल्लेलं. ते बघून व्याही खूश! ओलसर तळघरात राहिल्याची खूण. लेबल कोरं करकरीत असतं तर त्यांनी नोटरींकडेसुद्धा संशयानं पाहिलं असतं. कारण तो रूडी कुर्नियावान. लॉस एंजलिसला राहणारा तरुण, श्रीमंतांना फुकट महागडी वाइन पाजून ओळखी वाढवायचा आणि घरी स्वयंपाकघरात वाइनी मिसळून, लेबलं छापून जुन्या बर्गंडीच्या बाटल्या बनवायचा. पकडला कसा गेला? २००८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पोंसो घराण्याच्या क्लो सें-दनीच्या बाटल्या आल्या, सालं १९४५ ते १९७१. आणि पोंसोंनी ती वाइन करायला सुरुवातच केली १९८२ साली! लोराँ पोंसो विमानात बसून थेट लिलावाला जाऊन उभे राहिले, माल मागे घ्यायला लावला. पुढे २०१४ मध्ये त्या पोराला दहा वर्षांची शिक्षा झाली. जन्मतारखेच्या आधीचा शाळेचा दाखला काढला म्हणायचा बेट्यानं.

तर ती १९७८ ची. पहिली दहा मिनिटं, वहिनी, मी बोलणंच विसरले. ताईला विचारा, असं होतं का कधी. रंग फिकट, पाण्यासारखी हलकी दिसते, आणि घोट गिळल्यावर सुगंध मागून वर येतो, जायचं नावच घेत नाही. म्हणून व्याही तिला दुसऱ्या भांड्यात ओतत नाहीत, जुन्या पिनोला हवा सोसत नाही. आणि झालंही तसंच. जावई फोन घ्यायला उठला, परत येईपर्यंत तिचा जीव ओसरला होता. नुसती आंबटसर, रिकामी. व्याही म्हणाले, पाच वर्षांपूर्वी उघडायला हवी होती, आता उतरली. मला मुळीच पटलं नाही. दहा मिनिटं तर दहा मिनिटं, १९९३ ची शेवटपर्यंत ताठ बसून राहिली म्हणून ती मोठी का? व्होलनेच्या बाई अर्थातच व्याह्यांच्या बाजूनं, स्वतःची बाटली ना! नोटरी माझ्या बाजूनं, तेही त्याच कारणानं. रात्री एकपर्यंत वाद. शेवटी विहीणबाईंनी एपवास चीज आणलं. त्याचा वास... जाऊ द्या, तुम्ही जेवायच्या आहात. ते पुढ्यात आल्यावर कुठल्याच जुन्या वाइनची धडगत नाही, हे माझं मत मी तिथेही सांगितलं, आणि तेवढ्यावर मात्र सगळे बिथरले. चिजाला बोलायचं काम नाही त्या गावात.

बरं, तुम्हाला बाटली आणलीय ती कुठे ठेवलीत? फ्रिजवर? वहिनी! फ्रिजच्या डोक्यावर भट्टीसारखं तापतं. आणि ती जपून बिपून ठेवायची नाही, साधी गावठी आहे, चार वर्षांची. नाशिकचा एक मे काढायची नाही ती. शनिवारी भाऊ दिंडोरीहून आले की या दोघं. मटण मी करते, रस्सा जरा बेतानंच तिखट ठेवीन. सासूबाईंना सांगा, मठांचे फोटो बघायला चाललोय.